चौल-रेवदंडा: कुंडलिकेच्या तोंडावरचं जुनं बंदर

चौल हे रायगड जिल्ह्यातल्या अलिबाग तालुक्यातलं फार जुनं बंदर. अलिबागहून मुरूडच्या रोडने दक्षिणेला साधारण १७-१८ किमी गेलं की कुंडलिका नदी खाडी होऊन समुद्राला मिळते, तिथे. आज नकाशावर चौल, रेवदंडा आणि खाडीपलीकडचं कोर्लई अशी तीन गावं दिसतात आणि लोकही ती वेगवेगळी बघून उरकतात, पण जुन्या काळी हे सगळं मिळून एकच बंदर होतं आणि तसं बघितलं तरच इथल्या पडक्या भिंतींचा अर्थ लागतो. आतल्या बाजूला चौलची बाजारपेठ, खाडीच्या तोंडाशी रेवदंड्याला पोर्तुगीजांचं तटबंदीतलं शहर, आणि समोर समुद्रात घुसलेला कोर्लईचा डोंगर, ज्याच्या नजरेतून येणारं-जाणारं एकही जहाज सुटायचं नाही.

बंदर किती जुनं? कान्हेरीच्या शिलालेखांत 'चेमुल' हे नाव येतं, टॉलेमी या ग्रीक अभ्यासकाच्या भूगोलात आणि 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या जुन्या सागरी प्रवासाच्या पुस्तकातही ते थोड्या वेगळ्या उच्चाराने आहे, म्हणजे किमान दोन हजार वर्षं धरायला हरकत नाही. अरब याला सैमूर म्हणायचे. अरब प्रवासी अल-मसूदी १० व्या शतकाच्या सुरुवातीला इथे आला तेव्हा राज्य शिलाहारांचं होतं आणि त्याने लिहून ठेवलंय की गावात जवळपास १०,००० मुसलमान राहतात आणि त्यांचे निवाडे करायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असतो. नंतर बहमनी काळात, १४७० च्या आसपास, अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा विकायला घेऊन इथेच उतरला, वास्को द गामा कालिकतला पोचायच्या जवळजवळ तीस वर्षं आधी! पुढे जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला होता, मग मोठ्या मिनतवारीने परत मिळाला.

१५०८ च्या मार्चमध्ये इथे जी लढाई झाली ती खरं तर शाळेत शिकवायला हवी. इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार अमीर हुसेन घेऊन आला, दीवचा सुभेदार मलिक अयाझ त्याला येऊन मिळाला आणि दोघांनी मिळून पोर्तुगीजांना चौलच्या खाडीत गाठलं. पोर्तुगीजांचा सरदार होता लोरेन्सो द आल्मेदा, व्हाइसरॉयचा मुलगा. बाहेर पडताना त्याचं जहाज खाडीत मासेमारीसाठी रोवलेल्या खांबांमध्ये अडकलं आणि काही केल्या निघेना, तोफेच्या गोळ्याने पाय गेला तरी तो डोलकाठीपाशी बसून हुकूम देत राहिला आणि तिथेच मेला. बापाने पुढच्याच वर्षी दीवच्या लढाईत याचा सूड घेतला, आणि त्यानंतर या समुद्रावर पोर्तुगीजांना तोडीस तोड आरमार बराच काळ उरलं नाही.

रेवदंड्याचा कोट १५२१ पासून, बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने उभा राहायला लागला. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने आणि १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी वेढा घातला, दोन्ही वेळा कोट टिकला. १७३९ ला वसई पडली आणि १७४० मध्ये रेवदंडा-कोर्लई मराठ्यांकडे आले. पण तोवर व्यापार सुरतेकडे आणि मुंबईकडे सरकला होता, खाडीही गाळाने भरत चाललेली.

आता काय बघायचं. मुरूडचा रोड थेट कोटातूनच जातो, त्यामुळे बरेच जण किल्ल्यातून गाडी काढून नेतात आणि त्यांना पत्ताही नसतो. तटाच्या आत अख्ख्या नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत, घरं आहेत, विहिरी आहेत, आणि वाडीतून चालताना मध्येच एखाद्या चर्चची कमान उभी. सगळ्यात उठून दिसतो तो सातखणी मनोरा, फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चचा घंटेचा मनोरा, वरचे काही मजले पडलेत तरी बाकीचा खंबीर आहे. काळजी वाटते ती तटाची. वड-पिंपळाची मुळं दगडांच्या सांध्यात शिरून चिरे बाहेर ढकलतात, एक चिरा सुटला की पावसाचं पाणी आत जातं आणि मग पुढचे चिरे सुटायला वेळ लागत नाही, म्हणून झाड लहान असतानाच काढायला हवं. चौलकडे रामेश्वराचं देऊळ आणि पुष्करणी आहे, हमामखान्याचे, म्हणजे जुन्या स्नानगृहाचे अवशेष आहेत, हिंगलाजदेवीची टेकडी आहे. रेवदंड्यात बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं सिनेगॉगही (प्रार्थनास्थळ) आहे.

पूल ओलांडून कोर्लईला गेलं की डोंगराच्या अरुंद धारेवर एकामागोमाग एक आडव्या भिंती आणि दरवाजे लागतात, म्हणजे एक भाग पडला तरी पुढचा लढवता यावा. हा डोंगर पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला. पायथ्याच्या गावातले ख्रिस्ती लोक घरात आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिसळणीतून तयार झालेली एक वेगळीच बोली बोलतात. बोलणारे जेमतेम हजारभर. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली तरी ती टिकली, पण शाळा मराठी, नोकरीधंदा मराठी, त्यामुळे ती मागे पडण्याआधी तिची रेकॉर्डिंग करून ठेवणं हे तटाच्या डागडुजीइतकंच निकडीचं काम आहे.