कविताला आणि कवितेला: बाळाच्या नावाचा अर्थ मेंदू कितपत बघतो?

मागच्या आठवड्यात मामेबहिणीचा फोन आला. सातवा महिना चालू आहे आणि नवरा-बायकोनं मिळून नावांची एक्सेल शीट केलीये. पहिल्या कॉलममध्ये नाव, दुसऱ्यात अर्थ, तिसऱ्यात दोघांचे दहापैकी मार्क. एकूण ६३ नावं. "ताई, एक नाव आम्हा दोघांनाही फार आवडलं होतं गं, म्हणताना इतकं गोड वाटतं, पण अर्थच धड सापडेना, एका साइटवर 'देवाची कृपा', दुसरीवर 'पहाटेचा किरण' आणि तिसरीवर 'योद्धा', मग काय, काढून टाकलं." तिनं सहज सांगितलं पण मला ते नाव काढल्याचं खरंच वाईट वाटलं, कारण नाव आणि अर्थ यांचं मेंदूत नेमकं काय होतं हा स्मृतीच्या विज्ञानातला माझा सगळ्यात आवडता विषय आहे, आणि तो कळला की त्या दुसऱ्या कॉलमला किती किंमत द्यायची ते आपोआप समजतं.

सुरुवात आपल्या भाषेपासूनच करू. कविता हा शब्द घ्या. "कवितेचा शेवट मला कळला नाही" आणि "कविताचा फोन आला होता". शब्द तोच, पण एकदा 'कवितेचा' आणि एकदा 'कविताचा'. सागराला भरती येते, सागरला ताप येतो. आशेवर माणूस जगतो, आशावर चिडतो. प्रकाशात वाचतो आणि प्रकाशकडे पुस्तक मागतो. सामान्यरूप होणार की नाही हे आपण बोलता बोलता क्षणात ठरवतो, आणि ठरवतो ते एकाच गोष्टीवरून, की हा शब्द आत्ता वस्तू सांगतोय की माणूस. एकदा शब्द माणसाला चिकटला की आपण त्याचं व्याकरणच बदलून टाकतो. मला तर हा अर्थ उतरवून ठेवल्याचा पुरावाच वाटतो. कविता नावाच्या मैत्रिणीला हाक मारताना तुमच्या मनात कधी ओळी, यमक, छंद आले होते का? माझ्या तरी नाही.

ही गोष्ट जॉन स्टुअर्ट मिल या इंग्लिश तत्त्वज्ञानं १८४३ मध्येच मांडली होती. त्याचं उदाहरण डार्टमथ या गावाचं. डार्ट नदीच्या मुखाशी आहे म्हणून डार्टमथ. मिल म्हणतो, समजा उद्या वाळू साचून मुख बुजलं किंवा भूकंपानं नदीच लांब गेली, तर गावाचं नाव बदलावं लागेल का? नाही. म्हणजे नाव पडायला कारण होतं, पण पडल्यानंतर नाव त्या कारणावर उभं राहत नाही, ते फक्त बोट दाखवतं. हे तत्त्वज्ञान झालं. प्रयोगात हे दिसायला पुढे जवळजवळ दीडशे वर्षं गेली.

१९८७ साली मॅकवीनी, यंग, हे आणि एलिस या चार संशोधकांनी ब्रिटनमध्ये एक प्रयोग केला. लोकांना अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवले, प्रत्येकाचं आडनाव आणि व्यवसाय सांगितला, आणि नंतर नुसता चेहरा दाखवून दोन्ही विचारलं. व्यवसाय आठवत होते, आडनावं आठवत नव्हती. आता यात नवल काय, नावं तर सगळेच विसरतात. नवल पुढे आहे. त्यांनी मुद्दाम काही शब्द असे निवडले होते की जे आडनावही असतात आणि व्यवसायही, बेकर (पाव भाजणारा) किंवा पॉटर (कुंभार) असे. एखाद्या चेहऱ्याबरोबर "हे मिस्टर बेकर" असं सांगितलं आणि दुसऱ्याबरोबर "हे बेकर आहेत, पाव भाजतात" असं सांगितलं तरी निकाल तोच. शब्द तोच, अक्षरं तीच, उच्चार तोच, पण व्यवसाय म्हणून लक्षात राहतो आणि आडनाव म्हणून निसटतो. याला बेकर-बेकर पॅराडॉक्स म्हणतात. आपल्याकडे सुतार शब्द घेऊन बघा, "हे सुतारकाम करतात" आणि "यांचं आडनाव सुतार", अगदी तोच खेळ.

असं का होतं, हा भाग जरा नीट वाचा, मला तो फार प्रिय आहे. "हे सुतारकाम करतात" असं ऐकलं की मेंदूत त्या चेहऱ्याला एकदम कितीतरी गोष्टी जोडल्या जातात. रंधा, करवत, लाकडाचा वास, भुसा, कानामागे खोचलेली पेन्सिल, पूर्वी कधीतरी दुरुस्त करून घेतलेलं दार. यातल्या प्रत्येक गोष्टीपासून 'सुतार' या शब्दाकडे एक वाट जाते. पुन्हा तो चेहरा दिसला की या सगळ्या वाटांनी थोडी थोडी उत्तेजना त्या शब्दापर्यंत पोचते, तिची बेरीज होते, आणि बेरीज एका पातळीच्या वर गेली की शब्द तोंडात येतो. एक वाट अंधारात असली तरी चालतं, बाकीच्या आहेत. आडनावाचं तसं नाही. "यांचं आडनाव सुतार" यातून त्या माणसाबद्दल नवीन काहीच कळत नाही, तो डॉक्टर असेल, ड्रायव्हर असेल, म्हणून रंधा आणि करवत त्या चेहऱ्याला जोडलेच जात नाहीत. चेहरा, त्यातून ओळखीची एक गाठ, आणि त्या गाठीपासून नावाच्या गाठीकडे जाणारा एकच धागा. मॅके आणि बर्क या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत तर 'सुतार हा व्यवसाय' आणि 'सुतार हे आडनाव' यांच्या गाठीच मेंदूत वेगवेगळ्या असतात, खालच्या थरात जाऊन मात्र दोघी त्याच ध्वनींच्या गाठींना जोडलेल्या, म्हणजे सु-ता-र हे आवाज दोघींचे सामाईक. पण वरून येणारी उत्तेजना एकीला दहा बाजूंनी मिळते आणि दुसरीला एकाच बाजूनं. तो एक धागा वय, थकवा किंवा नुसत्या न वापरण्यानं ढिला पडला की चेहरा ओळखीचा, माणसाची सगळी कुंडली पाठ, आणि नाव जिभेवर येऊन अडकलेलं. बर्क आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवलं की जिभेवर अडकणाऱ्या शब्दांत माणसांची नावं फार मोठ्या संख्येनं असतात, आणि वयाबरोबर हे वाढतं.

यावर कुणी म्हणेल की नावं मुळातच काहीतरी वेगळी असतील, अर्थाचा काय संबंध. १९९० साली जिलियन कोहेन यांनी उलटं करून बघितलं. चेहऱ्यांबरोबर नावं तर दिलीच, शिवाय निरर्थक, बनवलेले शब्दही दिले, म्हणजे या माणसाकडे अमुक वस्तू आहे, पण ती वस्तू म्हणजे काय ते कुणालाच माहीत नाही. ते शब्दही लोक नावांसारखेच विसरले. म्हणजे नाव अवघड जातं कारण मेंदूच्या दृष्टीनं ते निरर्थक शब्दाच्या जवळचं असतं, मग शब्दकोशात त्याचा अर्थ कितीही सुंदर असो.

मेंदूला इजा झालेल्या रुग्णांमध्येही हे दिसलंय. १९८८ आणि १९८९ मध्ये सेमेन्झा आणि झेटिन या इटालियन संशोधकांनी असे दोन रुग्ण नोंदवले की ज्यांना वस्तूंची नावं व्यवस्थित सांगता येत होती पण माणसांची आणि गावांची नावं तोंडून निघतच नव्हती. माणूस कोण, काय करतो, हे ते बरोबर सांगायचे. फक्त नाव नाही. नावांची वाट एकटीच तुटू शकते, याचा अर्थ ती वाट वेगळी आहे.

आता यावरून बाळाच्या नावाकडे येऊ. क्लॉडिया हे नाव ज्या लॅटिन शब्दावरून आलं त्याचा अर्थ लंगडा. सेसिलियाच्या मुळाशी आंधळा असा शब्द आहे. कॅमेरॉन म्हणजे वाकडं नाक. पिढ्यान्पिढ्या लोक ही नावं प्रेमानं ठेवतात आणि त्यांच्या मुलांचं काही बिघडत नाही. उलट बाजूनं बघा, दुर्योधन म्हणजे ज्याच्याशी लढणं कठीण असा. अर्थाच्या कॉलममध्ये याला दहापैकी नऊ मिळायला हवेत! ॲडॉल्फ म्हणजे उमदा लांडगा. एका हिटलरनं त्या नावाचं काय केलं ते आपल्याला माहीत आहे. नावाला जो वास येतो तो कोशातून येत नाही, ते आधी कुणी वापरलं त्यांच्याकडून येतो.

आणि साइटवरचे अर्थ किती भरवशाचे असतात ते एका नावात दाखवते. व्हॅनेसा. हे नाव जोनाथन स्विफ्ट या लेखकानं आपल्या एका मैत्रिणीच्या नाव-आडनावाचे तुकडे जोडून स्वतः बनवलं, छापून आलं १७२६ मध्ये. त्याला अर्थ नव्हताच. पुढे १८०७ मध्ये फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञानं फुलपाखरांच्या एका गटाला व्हॅनेसा हे नाव दिलं. आज बाळांच्या नावांच्या याद्यांत व्हॅनेसाचा अर्थ काय देतात? फुलपाखरू. म्हणजे नाव आधी, अर्थ ऐंशी-एक वर्षांनी मागून येऊन चिकटला. तेव्हा एखाद्या नावाचे तीन साइटवर तीन अर्थ दिसले तर सरळ कोश उघडावा, आणि कोशात नसेल तर त्याला अजून अर्थ चिकटलेला नाही एवढंच समजावं.

बाळाला स्वतःला काय मिळतं? आवाज. १९९५ मध्ये मँडेल, जुस्चिक आणि पिसोनी यांनी दाखवलं की साडेचार महिन्यांची बाळं आपलं नाव इतर नावांपेक्षा जास्त वेळ ऐकतात, अगदी त्याच ठेक्याच्या दुसऱ्या नावापेक्षाही. त्या वयात त्यांना एकाही शब्दाचा अर्थ सांगता येत नाही, आणि हे नाव म्हणजे मी हेही बहुतेक कळलेलं नसतं. पण तो आवाज ओळखीचा झालेला असतो, आणि घरी बाळ असेल तर तुम्ही हे पाहिलंच असेल, खेळता खेळता नाव ऐकू आलं की हात थांबतो, मग मान वळते, मग डोळे शोधायला लागतात. तो आवाज मग जन्मभर ओळखीचा राहतो. १९५९ साली मोरे या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात एका कानातलं बोलणं लक्ष देऊन ऐकणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना दुसऱ्या, दुर्लक्षित कानात आलेलं स्वतःचं नाव ऐकू गेलं.

आवाजाचा परिणाम ऐकणाऱ्यावर होतो हेही खरं. बॉब हे नाव लोक गोल आकाराशी जोडतात आणि कर्क टोकदार आकाराशी. पण ही फक्त ऐकणाऱ्याची पहिली छाप. ज्यांची नावं अशी गोल किंवा टोकदार आहेत त्यांचे स्वभाव २०१९ साली तपासले गेले तेव्हा त्यात तसा फरक सापडला नाही.

म्हणूनच "नावाप्रमाणे मूल घडतं" वगैरे वाचलं की मला राग येतो. २००२ मध्ये एक संशोधन गाजलं, की डेनिस नावाचे लोक जास्त प्रमाणात डेंटिस्ट होतात. पेपरात, टीव्हीवर सगळीकडे. २०११ मध्ये युरी सिमॉनसन यांनी तोच दावा तपासला तर डेनिस वकिलांमध्येही तितकेच जास्त निघाले, कारण साधं, ते नाव एका ठरावीक पिढीत जास्त ठेवलं गेलं होतं आणि ती पिढी तेव्हा नोकरीधंद्याच्या वयात होती. दुरुस्तीची बातमी मात्र फार थोड्यांनी वाचली. अंकशास्त्राचं तर बोलायलाच नको. स्पेलिंगमध्ये एक जादा 'ए' घातला म्हणून बाळाच्या कानावर पडणारी लहर बदलत नाही, आणि अक्षरांना आकडे द्यायच्या पद्धतीही एकापेक्षा जास्त आहेत, एकीत शुभ ठरलेलं नाव दुसरीत अशुभ ठरतं. यासाठी पैसे घेणारे लोक काळजीत असलेल्या आईबापांना फसवतात, असं मी स्पष्टच म्हणेन.

मग अर्थ बघूच नये का? बघावा, पण एका ठिकाणी नक्की, आणि ते म्हणजे तुमच्या रोजच्या बोलण्यात, किंवा मूल जिथे वाढणार तिथल्या भाषेत, तो शब्द जिवंत असेल तर. मेंदू अर्थ उतरवून ठेवतो हे ओळखीच्या माणसांपुरतं, रोज हाक मारून मारून झालेलं असतं. नवीन माणसाला नाव पहिल्यांदा ऐकताना अर्थ ऐकू येतो, आणि वर्गातली मुलं तर तो मुद्दाम ऐकतात. दुसऱ्या भाषेत त्याच आवाजाचा भलताच शब्द असेल तर त्या पोराला दर नव्या ओळखीत ते सोसावं लागतं. शिवाय नाव समाजातला गट सांगतं. २००४ मध्ये बर्ट्रांड आणि मुल्लईनाथन यांनी अमेरिकेत सारखेच बायोडेटा वेगवेगळ्या नावांनी पाठवले, तर गोऱ्यांची वाटणारी नावं असलेल्यांना, कृष्णवर्णीयांची वाटणारी नावं असलेल्यांपेक्षा, मुलाखतीसाठी ५० टक्के जास्त बोलावणी आली. एमिली आणि लकिशा यांचे कोशातले अर्थ तिथे कुणी बघितले नव्हते. पण हा दोष नावाचा नाही, तो बोलावणाऱ्याचा आहे आणि तिथेच दुरुस्त व्हायला हवा.

हे सगळं मी बहिणीला फोनवर तासभर सांगितलं, मधल्या गाठी-धाग्यांच्या भागात ती बहुतेक हरवली. शेवटी म्हणाली, "ते सगळं ठीक आहे ताई, पण लोक अर्थ विचारतील तेव्हा काय सांगू?" म्हटलं, सांग की आम्हाला म्हणायला आवडलं. मग मी तिला त्या नावाला ला, ने, ची, कडे लावून म्हणायला लावलं, रागावून म्हणायला लावलं, आणि नवऱ्याला दुसऱ्या खोलीतून जोरात हाक मारायला सांगितलं. फोनवर मलाही स्पष्ट ऐकू आलं, शेवटचा 'आ' लांबवता येत होता. ते नाव शीटमध्ये परत घेतलंय, अर्थाचा रकाना सध्या रिकामा आहे.