वगैरे म्हणजे इत्यादी नव्हे

चवथीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं, सामान आणायला गेलो होतो. आईनं लिहून दिलेली यादी अशी संपत होती: ‘नारळ, सुपारीचा घड, तोरिंजन, कवंडळं, आंब्याचे टाळे वगैरे.’ लिहिलं होतं तेवढं सगळं आणलं. घरी आल्यावर पहिला प्रश्न, कांगणां कुठं आहेत? म्हटलं, यादीत नव्हती. ‘मग वगैरे कशाला लिहिलं होतं?’

चूक माझीच. मी ‘वगैरे’ला पूर्णविराम समजलो होतो.

‘वगैरे’ अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. ‘व’ म्हणजे आणि, ‘गैर’ म्हणजे दुसरं; सांगितलं त्याखेरीज आणखी काही, एवढंच तो म्हणतो. ‘इत्यादी’ संस्कृत, इति अधिक आदि: ‘हे ज्याच्या आरंभी आहे ते’. म्हणजे मागे एक रांग आहे आणि तिचे पहिले दोघे-तिघे तुम्हाला दाखवलेत. ‘मडगाव, म्हापसा, फोंडा इत्यादी शहरे’ या वाक्यात पुढची नावं वाचणारा स्वतः भरतो. देवस्थानच्या नोटिशीत ‘तांदूळ, नारळ, तेल इत्यादी साहित्य’ शोभतं ते म्हणूनच. या शब्दाला पुढे ‘शहरे’, ‘साहित्य’ असं जातिवाचक नाम मिळालं की तो खुलतो. लिहिताना आज दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ‘इत्यादी वगैरे’ अशी जोडी लावतात, तिच्याबद्दल मात्र आहे.

खरा फरक बोलण्यात कळतो. ‘मी कवी वगैरे नाही हं’ यात कसलीच यादी नाही. इथं ‘वगैरे’ नुसता संकोच दाखवतो. ‘मी कवी इत्यादी नाही’ असं कोणी म्हणणार नाही. आणि ‘तो कवी-बिवी आहे म्हणे’ म्हटलं की त्या कवीची किंमत तिथल्या तिथं उतरते. क्रियापदाचंही तसंच: ‘रागावलास वगैरे नाहीस ना?’ चालतं, तिथं ‘इत्यादी’ला थाराच नाही.

हे ‘बि’ प्रकरण मोठं गमतीचं. शब्दाचं पहिलं अक्षर काढायचं आणि तिथं ‘बि’ बसवायचं: पाव-बिव, मासे-बिसे, लग्न-बिग्न. पाव पोर्तुगीजांनी आणला, पण ‘बिव’ आपलं. ‘पाव वगैरे आण’ म्हटलं तर आणणारा लोणीही आणेल. ‘पाव-बिव काही नको’मध्ये नकाराला एक झटका आहे. मूळ शब्दच ‘बि’ने सुरू होत असेल तर डाव फसतो. बिल-बिल म्हणून काय उरणार? कोणी ‘बिल-फिल’ म्हणतात, मी निमूटपणे ‘वगैरे’कडे वळतो.

‘आदी’ नामाआधी येतो, ‘नारळ, केळी आदी फळे’, आणि बातमीत जागा वाचवतो. ‘प्रभृती’ माणसांच्या नावांपाठोपाठ सभेच्या वृत्तांतात बरा, एरवी जड. ‘इ.’ लिहिताना सांभाळावं, कारण इसवी आणि इयत्ता यांचीही संक्षिप्त खूण तीच.

आमच्या गोव्यात आणखी एक फाटा फुटतो. घरी कोकणी आणि वाचायला मराठी अशी ज्यांची सवय, त्यांच्या तोंडी ‘बी’ असतो. ‘जेवण बी जालें?’ म्हणजे जेवण वगैरे झालं का? घाटावर तोच ‘बी’ म्हणजे ‘सुद्धा’: ‘मी बी येतो.’ साताऱ्याकडचा एक पाहुणा आमच्याकडे उतरला होता. शेजारच्या काकींनी त्याला सकाळी अकरा वाजता हाच प्रश्न विचारला. तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, ‘इथं अकरालाच जेवणसुद्धा उरकतात काय?’