गम्बो

अमेरिकेच्या लुइझिॲना राज्यातील, भातावर घालून खाण्याचा दाट रस्सा. कोंबडी, सॉसेज, कोळंबी, खेकडे, कालवे यांपैकी हाताशी असेल ते त्यात पडते. क्वचित काहीच न पडता नुसत्या पालेभाज्यांचाही तो होतो. म्हणून आत काय आहे यापेक्षा तो कशाने दाट केला आहे, यावरून गम्बो ओळखणे अधिक सोयीचे. दाटपणा आणणारे घटक तीन : भेंडी, फिले (सॅसफ्रस वृक्षाच्या वाळलेल्या पानांची पूड) आणि रू (तेलात किंवा चरबीत भाजलेले गव्हाचे पीठ). कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची या तिन्हींच्या बारीक चिरलेल्या मिश्रणाला स्थानिक स्वयंपाकी ‘पवित्र त्रयी’ म्हणतात. फोडणी बहुधा त्याचीच. २००४ साली राज्याने गम्बोला अधिकृत राज्य-पाककृतीचा दर्जा दिला. त्याच नावाचे पदार्थ अमेरिकेत सर्वत्र मिळतात. पण मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरची ताजी कोळंबी आणि खेकडे, धुरावलेले आन्दुई सॉसेज आणि सणवारांशी बांधलेले काही प्रकार यांसाठी न्यू ऑर्लीअन्स किंवा त्याच्या पश्चिमेचा केजन (कॅनडातून आलेल्या फ्रेंचांच्या वंशजांचा) मुलूख गाठावा लागतो.

नावाची व्युत्पत्ती : हा सर्वाधिक वादाचा विषय. पहिले मत असे, की मध्य आफ्रिकेतील बांटू भाषांत भेंडीला ‘किंगोंबो’, ‘ओचिंगोंबो’ यांसारखी नावे आहेत आणि त्यांपासून लुइझिॲनाच्या फ्रेंचमधील ‘गोंबो’ आले. दुसऱ्या मतानुसार चॉक्टॉ या मूळ अमेरिकी जमातीच्या भाषेत फिलेला ‘कोंबो’ म्हणत, आणि शब्द तेथून आला. नावे ध्वनीने इतकी जवळची आहेत, की केवळ उच्चारावरून निवाडा होत नाही. तथापि कॅरिबियन बेटांवरील फ्रेंच वसाहतींतही भेंडीला गोंबोच म्हणत, आणि तेथे चॉक्टॉ लोकांचा संबंध येत नाही. आजच्या प्रमाण फ्रेंचमध्येही भेंडी म्हणजे गोंबोच. त्यामुळे बांटू मताकडे कल झुकतो. दोन सारख्या शब्दांनी एकमेकांना आधार दिला असण्याची शक्यता काही अभ्यासक मांडतात. ती नाकारण्याचे कारण नाही.

बांटू मतापुढेही एक अडचण उरतेच. फ्रेंच अमलात लुइझिॲनात आणलेल्या गुलामांपैकी बहुसंख्य लोक सेनेगल व गँबिया नद्यांच्या परिसरातले होते, बांटूभाषक नव्हते. मग बांटू शब्द रुळला कसा? तो कॅरिबियन बेटांवरच्या फ्रेंच बोलीतून तयार स्थितीत आला असावा, हे उत्तर त्यातल्या त्यात समाधानकारक वाटते. पदार्थाची जडणघडण मात्र पश्चिम आफ्रिकेकडे बोट दाखवते. भेंडी, मासे आणि पामतेल यांचा ‘सुपु कांजा’ नावाचा कालवणासारखा पदार्थ सेनेगलमध्ये आजही भातावर घालून खातात. १७१९ मध्ये गुलामांना घेऊन लुइझिॲनात आलेल्या पहिल्या जहाजांबरोबर भाताचे बियाणे आले, आणि भातशेती जाणणारी माणसेही मुद्दाम निवडून आणली गेली. गम्बोखाली भात का, याचे उत्तर बहुधा येथेच आहे. फ्रान्सच्या प्रॉव्हान्स प्रांतातील बुइयाबेस या माशांच्या रश्श्यापासून गम्बो निघाला, असे मत पूर्वी हौसेने मांडले जाई. दोन्हींत मासे असतात यापलीकडे त्याला फारसा आधार नाही.

इंग्रजीतील ‘ओक्रा’ हा शब्दही आफ्रिकीच. तो नायजेरियातील इग्बो भाषेतून आला. एकाच भाजीची दोन आफ्रिकी नावे अमेरिकेत गेली, एक भाजीला चिकटले व दुसरे रश्श्याला. लुइझिॲनातील क्रीओल (फ्रेंच व आफ्रिकी भाषांच्या मिश्रणातून बनलेल्या) बोलीला, तसेच पावसात पायाला चिकटणाऱ्या मातीलाही पुढे गम्बो म्हणू लागले.

भेंडीचे मूळ : भेंडी (ॲबेलमॉस्कस एस्क्युलेंटस, कुल–माल्व्हेसी) मूळची आफ्रिकेची की भारताची, हा प्रश्न वनस्पतिशास्त्रज्ञांत अजून मिटलेला नाही. इथिओपिया व नाईल नदीचे वरचे खोरे हे तिचे मूळस्थान असल्याचे बहुतेक जुन्या ग्रंथांत दिलेले असते. याउलट, तिची एक रानटी सोयरीक, ॲ. ट्युबरक्युलेटस, उत्तर भारतातच आढळते. १९५६ मध्ये जोशी व हरदास या भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवले, की या रानटी जातीची ५८ गुणसूत्रे भेंडीच्या सु. १३० गुणसूत्रांत ओळखू येतात. म्हणजे भेंडी ही दोन जातींच्या संकरातून, दोघींचे गुणसूत्रसंच जसेच्या तसे राखून, निर्माण झालेली असावी. उरलेली ७२ गुणसूत्रे ॲ. फिकुल्नियस या जातीची असावीत, असा तर्क केला जातो. हे मान्य केले, तर भेंडीच्या मातृकुळाचा निदान एक धागा भारतात येतो. अमेरिकेत मात्र ती गुलामांच्या व्यापाराबरोबर, आफ्रिकेतूनच गेली; याविषयी मतभेद नाहीत. (मराठीत कोकणच्या किनाऱ्यावरील एका झाडालाही भेंडी म्हणतात. ते याच कुलातले, पण प्रजाती वेगळी. त्याचा गम्बोशी संबंध नाही.)

लिखित उल्लेख : १८०३ सालच्या न्यू ऑर्लीअन्समधील एका सरकारी मेजवानीत चोवीस प्रकारचे गम्बो वाढले गेल्याची नोंद आहे, आणि त्याच सुमारास केजन वस्तीतील एका नाचाच्या कार्यक्रमातही गम्बो होता. बराच काळ हेच सर्वांत जुने उल्लेख समजले जात. त्यानंतर १७६४ ची एक न्यायालयीन जबानी संशोधकांच्या नजरेस आली. तीत कोंबा नावाच्या मँडिंगा (पश्चिम आफ्रिकेतील एक जमात) गुलाम स्त्रीला, लुई नावाच्या गुलामाला तू ‘गोंबो’ दिलास ना, असे विचारले आहे. त्या भांड्यात भेंडी होती की फिले, हे जबानीवरून कळत नाही. तरी पदार्थाची तारीख चाळीसएक वर्षे मागे गेली, आणि ती गव्हर्नराच्या मेजावरून गुलामांच्या चुलीकडे सरकली हे महत्त्वाचे. १८२४ मध्ये वॉशिंग्टन येथे छापलेल्या, व्हर्जिनियातील स्वयंपाकाच्या एका पाककृतिपुस्तकात ‘गम्बो’ म्हणजे शिजवून वितळलेल्या लोण्याबरोबर वाढलेली भेंडी, एवढेच असून त्याला वेस्ट इंडीजचा पदार्थ म्हटले आहे.

दाटपणाचे तीन मार्ग : मराठी स्वयंपाकघरात भेंडीची तार सुटू नये म्हणून आमसूल किंवा ताक घालतात, गम्बोला तीच तार हवी असते. फिलेचे नावच मुळी तार काढणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आले आहे. सॅसफ्रसची कोवळी पाने सावलीत वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करतात. ही विद्या चॉक्टॉ लोकांची. पॉन्चर्ट्रेन सरोवराच्या उत्तर काठावरील चॉक्टॉ बायका एकोणिसाव्या शतकात न्यू ऑर्लीअन्सच्या फ्रेंच मार्केटमध्ये फिले विकायला बसत. फिले भांडे चुलीवरून उतरवल्यावर किंवा थेट वाडग्यातच घालावी लागते. उकळत्या रश्श्यात पडली, तर रस्सा दोऱ्यादोऱ्यांचा होतो. सॅसफ्रसच्या मुळांच्या तेलातील सॅफ्रोल या द्रव्यामुळे अमेरिकेत १९६० मध्ये खाद्यपदार्थांतील त्याच्या वापरावर बंदी आली. पानांत सॅफ्रोल जवळजवळ नसल्याने फिले बचावली. भेंडी उन्हाळ्यात, फिले हिवाळ्यात, अशी जुनी वाटणी होती. शीतपेटी आल्यापासून ती सैल झाली.

रू फ्रेंच स्वयंपाकातून आला, पण लुइझिॲनाने त्याचे रूप पालटले. फ्रेंच रू फिकट असतो, केजन रू काळपट. बिडाच्या जाड भांड्यात तेल व पीठ समभाग घेऊन मध्यम आचेवर पाऊण तासापर्यंत घोटतात. बेसनाच्या लाडवांचे पीठ भाजताना हात थांबवता येत नाही, तसेच हे. पीठ आधी शेंगदाण्याच्या कुटाच्या, मग जुन्या तांब्याच्या, शेवटी चॉकलेटच्या रंगाचे होते आणि खमंग वास सुटतो. काळे ठिपके दिसले की सगळे पीठ टाकून पुन्हा पहिल्यापासून. हवा तो रंग येताच चिरलेली त्रयी आत लोटतात. भाज्यांच्या ओलाव्याने चर्रकन आवाज होऊन रू पुढे भाजायचा थांबतो. अधिक भाजल्याने पिठातला स्टार्च मोडतो, म्हणून काळा रू चव देतो पण दाटपणा कमी देतो. त्याच्या गम्बोत वरून फिले लागते ती त्यामुळेच. एकोणिसाव्या शतकातील छापील कृतींत असा काळपट रू क्वचित दिसतो. तो ‘परंपरेचा प्राण’ असल्याचे आज ठासून सांगितले जाते, ते जपूनच घ्यावे.

प्रकार व चालीरीती : न्यू ऑर्लीअन्सच्या क्रीओल गम्बोत सागरी मासळी, भेंडी आणि कधी टोमॅटो असतो. केजन गम्बो कोंबडी व आन्दुईचा, त्यात टोमॅटो घालणे अशिष्ट समजतात. केजन म्हणजे कॅनडातील अकेडिया प्रांतातून १७५५ पासून ब्रिटिशांनी हुसकावलेल्या फ्रेंचांचे वंशज. ते १७६० नंतर लुइझिॲनात येऊन वसले. मामू व युनिस या गावांत मार्डी ग्रासच्या (ईस्टरपूर्वीचा उपासकाळ सुरू होण्याच्या आदल्या दिवशीचा सण) दिवशी मुखवटे घातलेले स्वार घरोघर गम्बोचा शिधा मागत फिरतात. घरधनी जिवंत कोंबडी हवेत सोडतो आणि ती चिखलातून पाठलाग करून पकडावी लागते. संध्याकाळी गावजेवण.

याच्या उलट टोकाला ‘गम्बो झेब’, म्हणजे हिरव्या पाल्याचा गम्बो. तो ईस्टरपूर्वीच्या उपासकाळाचा. न्यू ऑर्लीअन्सच्या ट्रेमे भागातील डूकी चेस या १९४१ पासूनच्या खाणावळीत लीआ चेस (१९२३–२०१९) गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी तो करीत, मात्र भरपूर मांस घालून, कारण दुसऱ्या दिवशी उपास. मोहरी, सलगम, बीट व गाजर यांचा पाला, कोबी, पालक असे नऊ प्रकार त्यात पडत. पाल्यांची संख्या विषमच हवी, आणि जितके पाले तितके नवे मित्र वर्षभरात मिळतात, असा समज आहे. त्या गुरुवारची ही प्रथा त्यांच्या पश्चातही चालू आहे.

भाताऐवजी किंवा भाताबरोबर बटाट्याचे सॅलड गम्बोच्या वाडग्यातच टाकून खाणे ही केजन मुलखातील लाफायेट शहराच्या आसपासची रीत. न्यू ऑर्लीअन्सकर ते शेजारच्या बशीत ठेवतात.