पटकीच्या जंतूला खोटा निरोप

बरेच रोगजंतू संख्या वाढेपर्यंत दबून राहतात आणि पुरेसे सोबती जमले की हल्ला चढवतात. पटकीचा, म्हणजे कॉलराचा जंतू याच्या अगदी उलट वागतो. थोडे असताना हे जंतू लहान आतड्याच्या भिंतीला चिकटतात आणि विष सोडतात. गर्दी झाली की विष बनवणं थांबवतात, भिंतीवरची पकड सोडतात आणि जुलाबाच्या पाण्याबरोबर बाहेर पडतात, पुढच्या माणसाकडे जायला.

गर्दी झाली हे त्यांना कळतं कसं? प्रत्येक जंतू सतत काही ठरावीक रेणू बाहेर सोडत असतो. आसपास त्या रेणूंचं प्रमाण वाढलं की सभेची गणपूर्ती झाल्याचं प्रत्येकाला समजतं. पटकीच्या जंतूचा असा मुख्य रेणू म्हणजे सीएआय-१. प्रिन्स्टनमध्ये बॉनी बॅसलर यांच्या प्रयोगशाळेने ही रासायनिक बोली बरीचशी उलगडली. ही बोली आपल्यालाही बोलता आली तर?

हे करायला आतड्यात सुखाने राहणारा एक निरुपद्रवी जिवाणू हवा होता, आणि तो शंभर वर्षांपूर्वीच सापडलेला आहे. पहिल्या महायुद्धात बाल्कन भागात जर्मन सैनिकांमध्ये आमांशाने थैमान घातलं होतं. त्यातून एक सैनिक धडधाकट राहिला. आल्फ्रेड निस्ले या डॉक्टरांनी त्याच्या विष्ठेतून ई. कोलायचा एक वाण वेगळा काढला. ‘निस्ले १९१७’ हा वाण जर्मनीत अजूनही औषध म्हणून वापरला जातो.

कॉर्नेल विद्यापीठातल्या फापिंग दुआन आणि जॉन मार्च यांनी २०१० साली याच वाणात पटकीच्या जंतूचं एक जनुक बसवलं. विषाचं नव्हे, सीएआय-१ बनवणारं. मोठ्या उंदरांना पटकी होत नाही, म्हणून प्रयोग पिल्लांवर झाला. पिल्लांना हा जिवाणू पटकीचा जंतू देण्याच्या आठ तास आधी पाजला, तेव्हा त्यांचं जगण्याचं प्रमाण ९२ टक्क्यांनी वाढलं. जंतूसोबतच पाजला तेव्हा वाढ २७ टक्क्यांवरच थांबली. जंतू आतड्यात पोचले तेव्हा गर्दीचा निरोप आधीच तिथे होता, आणि त्यांनी हल्ला आवरता घेतला.

मला या युक्तीचं सगळ्यात मोठं मोल वाटतं ते हे, की इथे मारामारी नाही. अँटिबायोटिक देताना आपल्या उपयोगाचे जिवाणूही मरतात आणि औषधाला न जुमानणारे जंतू मागे उरतात. शिवाय पटकीत माणूस मरतो तो शरीरातलं पाणी आणि क्षार ओसरून, आणि ते ओसरतात विषामुळे. हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ सालीच दाखवलं होतं. त्यांनी जंतू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्यात सोडला, तरी आतडं पाण्याने भरलं. म्हणजे विष थांबवलं तर घाव मुळावरच बसतो.

एमआयटीतल्या संशोधकांनी २०१८ साली चीज करायला वापरला जाणारा लॅक्टोकॉकस लॅक्टिस निवडला. त्याचं लॅक्टिक आम्ल पटकीच्या जंतूची वाढ रोखतं, त्यासाठी जनुक बदलावं लागत नाही. त्याच जिवाणूचा दुसरा वाण त्यांनी सीएआय-१ ओळखण्यासाठी घडवला. जंतू असेल तर विष्ठेची रंगचाचणी ते सांगते.

जनुक बदललेला जीव माणसाच्या पोटातून गटारात आणि नदीत जाईल, ही भीती रास्त आहे. तिच्यावर एक उपाय ॲमस्टरडॅममध्ये क्रोन्स या आतड्याला सूज आणणाऱ्या जुनाट आजाराच्या रुग्णांवर वापरून झाला आहे. त्यांना दिलेल्या लॅक्टोकॉकसमधून थायमिडिन (डीएनए बनवायला लागणारा एक घटक) बनवणारं जनुक काढून टाकलं होतं. बाहेर थायमिडिन मिळालं नाही की तो जिवाणू मरतो.

आजारी पडलेल्याला आधी मीठ-साखरेचं पाणीच द्यायचं, त्यात बदल नाही. आठ तासांची आघाडी कामाची आहे ती रुग्णाच्या घरच्यांसाठी, कारण पुढच्या काही दिवसांत सर्वाधिक धोका त्यांनाच असतो. पण एक अडचण मोठी आहे. ज्या पटकीच्या जंतूचा जनुकीय आराखडा २००० साली पहिल्यांदा पूर्ण वाचला गेला, त्याच्यात गर्दीचा निरोप अमलात आणणारं जनुकच बिघडलेलं आहे. असे बहिरे जंतू इतरही सापडले आहेत, आणि त्यांच्यापुढे खोटा निरोप वाया जाणार. लॅक्टिक आम्लाचा मारा मात्र त्यांच्यावरही चालायला हवा. म्हणून पुढचा प्रयोग दोन्ही जिवाणू एकत्र देऊन व्हावा, आणि तो प्रत्यक्ष साथीत सापडलेल्या जंतूंविरुद्ध व्हावा, असं मला वाटतं.