चाळशी आधी आली, नंबर मागाहून

चष्म्याला मराठीत दोन शब्द आहेत. 'चष्मा' फारसीतून आला. 'चश्म' म्हणजे डोळा. दुसरा शब्द घरचा, 'चाळशी'. चाळिशी उलटली की नाकावर बसते ती चाळशी. फोंड्याकडच्या आमच्या घरात आजोबा शेवटपर्यंत 'माझी चाळशी कुठं ठेवलीत?' असंच विचारायचे. चष्मा म्हणजे वय झालेल्या, पोथी वाचणाऱ्या माणसाची वस्तू, हे या शब्दाने धरूनच चाललं आहे. तो शाळकरी पोराच्या नाकावरही बसेल, हे शब्द घडवणाऱ्यांच्या गावीही नव्हतं.

चूक त्यांची नव्हती. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मा निघाला तोही उतारवयातल्या वाचणाऱ्यांसाठीच. जोर्दानो नावाच्या धर्मोपदेशकाने १३०६ साली फ्लॉरेन्समधल्या प्रवचनात सांगून ठेवलंय की ही कला निघून अजून वीस वर्षंही झाली नाहीत. त्या काचा मधे फुगीर, म्हणजे बहिर्वक्र. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं बघताना हवं तेवढं फुगत नाही, मग पेपर हातभर लांब धरावा लागतो. फुगीर काच ती तूट भरून काढते. लांबचं न दिसणाऱ्यांना लागणारी अंतर्वक्र काच यायला पंधरावं शतक उजाडावं लागलं.

आपल्या किनाऱ्याचा संबंध येतो तो इथून पुढे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि विजयनगरशी त्यांचा घोड्यांचा व्यापार सुरू झाला. विजयनगरच्या दरबारातले माध्व, म्हणजे मध्वाचार्यांच्या परंपरेतले, यती व्यासतीर्थ यांचं सोमनाथ कवीने लिहिलेलं संस्कृत चरित्र आहे. त्यात १५२० च्या सुमाराला हे स्वामी डोळ्यांवर 'उपलोचनगोलक' लावून ग्रंथ वाचताना दिसतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या चष्म्याच्या इतिहासाचा शोध घेताना या उल्लेखाकडे लक्ष वेधलं. तो चष्मा पोर्तुगीजांकडून भेट आला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मला तो पटतो. माध्व परंपरा गोव्याला परकी नाही, काणकोणातला पर्तगाळी मठ त्याच परंपरेतला. त्यामुळे भारतात चष्मा लावून वाचणाऱ्या पहिल्या ज्ञात माणसांमधला एक माध्व संन्यासी निघावा, याची गंमत वाटते.

गोव्यातून चष्मा पुढेही गेला. फ्रान्सिस झेवियर एप्रिल १५४९ मध्ये गोव्याहून निघाले. १५५१ साली जपानमधल्या यामागुचीच्या सरदाराला, औची योशिताकाला, त्यांनी ज्या वस्तू नजर केल्या त्यांत घड्याळाबरोबर चष्माही होता. जपानमधला हा चष्म्याचा पहिला उल्लेख मानतात. त्यानंतर वीसेक वर्षांनी फ्रान्सिस्को काब्राल हा जेझुइट पाद्री चष्मा लावून गिफूला गेला, तेव्हा चार डोळ्यांचा माणूस आलाय अशी आवई उठली आणि बघ्यांची झुंबड उडाली. दोन डोळे जागच्या जागी, आणखी दोन जरा पुढे, आरशासारखे चमकणारे! हा काब्राल नंतर गोव्यातच राहिला आणि १६०९ मध्ये इथंच वारला. त्याची नजर जवळची होती, म्हणजे त्याच्या नाकावर असणार ती अंतर्वक्र काच. 'चाळशी' शब्दात न बसणारी.

तोवर काच का चालते हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर उलटी प्रतिमा पडते आणि भिंग किरणांना तिथवर नीट आणतं, हे केप्लरने १६०४ मध्ये मांडलं. चष्मा तीनशे वर्षं नुसता अनुभवावर चालला. टोपलीतला एकेक लावून बघायचा, दिसलं तो आपला.

'नंबर' ही भानगड एकोणिसाव्या शतकातली. पणजीत वैद्यकीय शाळा स्थापन झाली १८४२ साली. आज बांबोळीला आहे ते गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, तिचंच पुढचं रूप. त्या शाळेच्या पहिल्या विद्यार्थ्यांना जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत डोकावता येत नव्हतं, कारण ते उपकरण हेल्महोल्ट्झने केलं १८५१ मध्ये. स्नेलनचा अक्षरांचा तक्ता १८६२ चा. भिंगाची ताकद मोजायचं डायॉप्टर हे एकक, म्हणजेच आपला 'नंबर', मोनोयेने सुचवलं १८७२ मध्ये. सिलिंडर नंबराची, म्हणजे एकाच दिशेतली धूसरता घालवणारी काच त्याआधीची. एअरी या खगोलशास्त्रज्ञाने ती १८२५ च्या सुमारास स्वतःच्या डाव्या डोळ्यासाठी घडवून घेतली.

नंबराचा हिशेब साधा आहे. बुबुळापासून मागच्या पडद्यापर्यंत डोळा साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. तो एक मिलिमीटर जास्त वाढला की अडीच ते तीन नंबर चढतो, उणे बाजूला. उणे दोनचा माणूस अर्ध्या मीटरपर्यंत स्वच्छ बघतो, त्यापुढे सगळं धूसर. आता गंमत अशी की नांगर धरणाऱ्याला किंवा काजूच्या बागेत राबणाऱ्याला उणे दोन असला तरी काम अडत नाही. अडतं ते फळ्यापाशी. गोवा मुक्त झाल्यावर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या, आणि वाड्यावाड्यावरची पोरं पहिल्यांदा दहा-बारा फुटांवरचं अक्षर वाचायला बसली. लांबचा नंबर आमच्याकडे घरोघरी ठाऊक झाला तो शाळेमुळे, असं मी म्हणेन.

माझा तर त्याहूनही उशिरा कळला. मिनीबसची पाटी मला वाचता येत नव्हती, पण वाचायची गरजच नव्हती. कंडक्टर 'पणजी, पणजी' ओरडतच यायचा. वर्गात शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायचे. सातवीत शाळेत डोळे तपासायला माणसं आली. त्यांनी तक्ता टांगला आणि मी वरच्या दोन ओळींनंतर गप्प. चष्मा लावून घरी आले तेव्हा अंगणातल्या माडाच्या झावळीची पाती सुटी सुटी दिसली. तोवर माझ्या लेखी झावळी म्हणजे हिरवा धब्बा.

आजीचं दुखणं वेगळं, मोतीबिंदू. तो 'पिकू दे' म्हणून तिला दोन वर्षं थांबवलं, आणि काढल्यावर दिला प्लस दहाचा जाड चष्मा. भिंगामागे तिचे डोळे बैलासारखे मोठे दिसायचे. तिलाही सगळं पाव हिश्शाने मोठं दिसे. चहाचा कप धरायला जाई तो हात अलीकडेच थांबे. खरं तर रिडली या ब्रिटिश डॉक्टरने १९४९ मध्येच डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवलं होतं. लढाऊ विमानांच्या छताच्या ॲक्रिलिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत रुतले तरी डोळा चिडत नाही, हे त्याने युद्धात पाहिलं होतं. देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ ला सुरू झाला, पण भिंग बसवणं सर्रास व्हायला पुढे बरीच वर्षं गेली. आता मोतीबिंदू पिकायची वाट कुणी बघू नये. फार पिकलेला काढायला उलट कठीण.

आता काळजी आहे ती पोरांची. या शतकाच्या मध्यापर्यंत जगातल्या निम्म्या माणसांना लांबचा नंबर असेल, असा अंदाज २०१६ मध्ये मांडला गेला. मोबाइलला सगळेच झोडपतात, पण उघड्यावरचा उजेड कमी पडणं हेही तितकंच मोठं कारण. रोज दोनेक तास बाहेर खेळणाऱ्या मुलांत नंबर लागण्याचं प्रमाण कमी आढळतं. आमच्याकडे चार महिने पाऊस अंगणात पाय ठेवू देत नाही, हे वेगळं.

चाळशी मात्र आहे तिथंच आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात परवा एक काका फुटपाथवर मांडलेले तयार चष्मे एकेक करून लावून बघत होते. विकणाऱ्याने वाचायला पेपरातलं निधनवार्तांचं पान पुढे केलं होतं. एकाला मान हलवली, दुसऱ्याला नाक मुरडलं. तिसरा लावला, ओठ हलवत एक अख्खी वार्ता वाचली आणि म्हणाले, "अरे, हा तर आमच्या वाड्यावरचा!"