डेटनच्या मास्तरांना कोणी तुरुंगात टाकलं नव्हतं

उत्क्रांतीवाद शिकवला म्हणून अमेरिकेत जॉन स्कोप्स या शिक्षकाला संतापलेल्या गावाने तुरुंगात डांबलं, ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. ती खरी नाही, आणि खरी हकीकत जास्त मोलाची आहे.

१९२५ साली टेनेसी राज्याने असं शिकवण्यावर बंदी घातली. कायद्याला आव्हान देण्यासाठी एका नागरी हक्क संघटनेने जाहीरपणे शिक्षक मागितला. त्याच राज्यातल्या डेटन गावच्या काही प्रतिष्ठितांनी औषधाच्या दुकानात बसून ठरवलं, खटला इथेच होऊ दे, गावाचं नाव होईल. स्कोप्स स्वतःहून तयार झाले. निकालापर्यंत ते मोकळेच होते.

जुलैत विटांचं ते कोर्ट इतकं भरलं की उकाड्यामुळे आणि मजला खचेल या भीतीने न्यायाधीशांनी एका दिवसाचं कामकाज बाहेर हिरवळीवर हलवलं. स्कोप्स यांचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी सरकारी बाजूचे वकील विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांची प्रसिद्ध उलटतपासणी घेतली ती तिथेच, अख्ख्या गावासमोर.

शिक्षा झाली ती १०० डॉलर दंडाची. १९२७ मध्ये वरच्या कोर्टाने तीही रद्द केली. कारण तांत्रिक होतं: ५० डॉलरपेक्षा जास्त दंड ज्युरीने ठरवायचा, न्यायाधीशाने नव्हे. कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला.