स्क्रीन आडवी होते ती जायरोस्कोपमुळे नव्हे

फोन आडवा धरला की स्क्रीनही आडवी होते. हे काम फोनमधल्या जायरोस्कोपचं, म्हणजे फिरणं मोजणाऱ्या सेन्सरचं, असं पुष्कळांना वाटतं. त्याला खरं तर अ‍ॅक्सेलरोमीटर, म्हणजे त्वरण (वेगातला बदल) मोजणारा सेन्सर, पुरतो. फोन टेबलावर नुसता पडलेला असला तरी अ‍ॅक्सेलरोमीटरवर ९.८ (मीटर प्रति सेकंद वर्ग) च्या आसपास आकडा असतोच, गुरुत्वाकर्षणाचा. त्यावरूनच खाली कुठे ते फोनला कळतं. जायरोस्कोप तेव्हा जवळपास शून्यावर असतो, कारण त्याला कळतो फक्त फिरण्याचा वेग.

ज्येष्ठांची चाल तपासताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. ‘टाइम्ड अप अँड गो’ ही चाचणी १९९१ पासून वापरात आहे. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या निकषानुसार १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. पण आजोबांना १४ सेकंद लागले, तर जास्तीचा वेळ उठताना गेला की वळताना? स्टॉपवॉच ते सांगत नाही.

कमरेला घट्ट बांधलेला फोन सांगू शकतो. टाच टेकली की अ‍ॅक्सेलरोमीटरच्या आलेखात उसळी येते. दोन उसळ्यांमधलं अंतर सारखं आहे की कमीजास्त, यावरून चालीची लय समजते. वळणाला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. माणूस ताठ उभा राहून स्वतःभोवती वळतो तेव्हा फोनच्या लेखी ‘खाली’ची दिशा बदलतच नाही. तिथे जायरोस्कोपच हवा. पार्किन्सनचे अनेक रुग्ण सरळ बरे चालतात आणि वळताना अडखळतात, बारीक बारीक पावलं टाकत वळतात. अशा माणसाची फक्त पावलं मोजली, तर नेमकी अडचण निसटते.

जायरोस्कोपचीही एक खोड आहे. वेगाची बेरीज करत कोन काढावा लागतो, त्यामुळे बारीकशी चूकही साचत जाते. काही सेकंदांच्या वळणात ती नगण्य असते, पण दिवसभराच्या नोंदीत नाही. म्हणून बहुतेक अ‍ॅप दोन्हींची माहिती एकत्र करतात.

स्वस्त फोनमध्ये अनेकदा जायरोस्कोप नसतोच, स्क्रीन मात्र झकास फिरते. शिवाय नऊवारी-सहावारीला खिसा नसतो. आजींचा फोन पिशवीत किंवा टीव्हीशेजारी. चाचणीपुरता तो कमरपट्ट्यात बांधावाच लागतो.